भावाचं प्रोबेशन, गर्दची ट्रीटमेंट आणि ऑर्डरमधली एक ओळ

२१ नोव्हेंबर २०२५ ला माझ्या धाकट्या भावाच्या प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगात न टाकता चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडतात त्या बाँडची दोन वर्षं पूर्ण झाली. बाँडवर जामीनदार म्हणून सही माझी होती, त्यामुळे ही दोन वर्षं जेवढी त्याची तेवढीच माझी. मधे एक महिना असा गेला की प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे अशा माणसावर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, जे सांगतील ते कोर्टानेच सांगितलंय असं समजून आम्ही आईची एफडी मोडायचा फॉर्मपण भरून ठेवला होता. तसं नसतं हे सांगणारं आजूबाजूला कोणी नव्हतं. मी रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसायचे आणि मराठीत धड काही सापडायचं नाही, म्हणून सगळं तारखेवार लिहितेय.

आम्ही कळव्याचे. मी रबाळ्याला एका कंपनीत स्टोअरला आहे, आई घरी असते, वडील नाहीत. भाऊ तेव्हा २५ चा आणि गर्द ओढायचा, म्हणजे ब्राउन शुगर. लोक गर्दुल्ला म्हणतात, तो शब्द मी घरात कोणाला वापरू देत नाही.

जानेवारी २०२३ मधे रात्री रुळाच्या कडेला पोलिसांनी पकडलं. हातात पन्नी आणि लायटर, पुडी रिकामी. दोन रात्री आत काढल्यावर जामीन झाला. पुडी रिकामी होती म्हणून फक्त सेवनाचं कलम लागलं, एनडीपीएस ॲक्टचं म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम २७. हेरॉइनसाठी त्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. हे एकच कलम असण्याचं महत्त्व आम्हाला खूप नंतर कळलं, कारण त्याच कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे एनडीपीएसच्या बहुतेक गुन्ह्यांना प्रोबेशनचा कायदा लागतच नाही, आरोपी १८ च्या आतला असेल किंवा गुन्हा २६ नाहीतर २७ चा असेल तरच लागतो. तुमच्याकडे अशी केस असेल तर चार्जशीटवरची कलमं पहिल्यांदा बघा, बाकी सगळं नंतर.

भाऊ आत असतानाच विधी सेवेतून, म्हणजे सरकारच्या मोफत कायदेशीर मदतीतून, वकील मिळाले होते. त्यांनी सांगितलं की कलम ३९ मधे व्यसनी माणसाला शिक्षा न देता सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारासाठी सोडता येतं, पण त्याच्या संमतीने. आणि १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट आहे, त्यात कलम ४ खाली चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडता येतं. भावाने गुन्हा कबूल केला, अर्जात दोन्ही कलमं टाकली, आणि कोर्टाने प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवला.

ऑक्टोबरमधे त्या मॅडम घरी आल्या. लाइट बिल बघितलं, आईशी अर्धा तास बोलल्या, भावाचा दहावीचा रिझल्टसुद्धा बघितला. त्यांचा रिपोर्ट चांगला गेला म्हणून तर प्रोबेशन मिळालं. पुढे जे झालं ते वाचताना हे विसरू नका, मी पण विसरलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२३ ला ऑर्डर झाली. १५,००० चा बाँड दोन वर्षांचा, जामीनदार मी, पहिलं एक वर्ष ऑफिसरची देखरेख, दर पंधरा दिवसांनी हजेरी, नशा करायची नाही, कोर्टाला न विचारता राहायचा पत्ता बदलायचा नाही, आणि सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायचे. ऑर्डर इंग्लिशमधे होती. आम्ही फक्त सुटला एवढंच ऐकलं आणि पेढे घेऊन घरी आलो. नक्कल मागायची असते हे डोक्यातच आलं नाही, ही आमची सगळ्यात मोठी चूक.

ट्रीटमेंट म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, रोज, जिभेखाली. नर्स समोर बसवते आणि विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. दहा मिनिटं तो भिंतीकडे बघत बसायचा. पण त्या दहा मिनिटांमुळे टर्की बंद झाली, म्हणजे ते अंग मोडणं, नाक गळणं, रात्रभर पाय आपटणं सगळं बंद. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने आम्ही एकत्र निघायचो, मी रबाळ्याला उतरायचे, तो पुढे केंद्रावर. डिसेंबर आणि जानेवारी असे गेले की आई परत भाजीत मीठ नीट घालायला लागली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मित्राची हळद होती. तिथून तो दोन दिवस आलाच नाही, पाच दिवस गोळी चुकली, एकदा ओढली. परत आल्यावर त्याने स्वतः मला सांगितलं, ताई मी ओढलीय. मी त्याला घेऊन केंद्रावर गेले, डॉक्टरांनी परत गोळी सुरू केली आणि म्हणाले असं होतं, घाबरू नका, पण लपवू नका.

आम्ही लपवलं नाही. १२ फेब्रुवारीला हजेरी होती, तिथे त्याने मॅडमना पण सांगितलं. मॅडम भडकल्या. म्हणाल्या गोळीने व्यसन सुटत नसतं, एक सोडून दुसरं धरलंय याने, ती आधी बंद करा आणि आठ दिवसांत याला आत टाका. आत म्हणजे कर्जतच्या बाजूला एक खाजगी निवासी केंद्र, त्यांनी कार्डच काढून दिलं. सहा महिने, महिन्याला १५,००० आणि डिपॉझिट ८,०००, म्हणजे ९८,०००. मी म्हटलं मॅडम, कोर्टाने असं सांगितलंय का? त्या म्हणाल्या, सुपरव्हिजन कोर्टाने माझ्याकडे दिलंय ना, मग मी सांगते ते कोर्टाचंच समजा, नाहीतर रिपोर्ट करते, मग जाईल वर्षभर आत.

समोर एक टाइप केलेला कागद ठेवला, वरती भावाचं नाव पेनाने भरलेलं. मी खाली सही करणार स्वखुशीने निवासी उपचारासाठी दाखल होत आहे. भावाने पेन उचललं होतं. त्याचा हात थरथरत होता, आणि मला तो शब्द दिसला, स्वखुशीने. मी म्हटलं आईला विचारून उद्या देतो, आणि कागद पर्समधे टाकला. त्या वेळी मला कायदा काही माहीत नव्हता, फक्त एवढं वाटलं की खुशी नसताना खुशी लिहून द्यायची कशाला. असा कागद आला तर त्याच दिवशी सही करू नका, घरी न्या, फोटो काढा.

संध्याकाळी त्या केंद्राला फोन लावला. पहिले ४५ दिवस भेट नाही, फोन नाही. डॉक्टर कधी येतात विचारलं तर रविवारी. नोंदणी नंबर विचारला तर म्हणाले प्रोसेसमधे आहे. आता मला माहीत आहे की २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमधे दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेले आजार पण मानसिक आजारातच धरलेत, आणि असे पेशंट भरती करून ठेवणाऱ्या जागेला मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. त्या दिवशी मी फक्त फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. मोठे काका म्हणाले, सरकारी माणसाशी पंगा घेऊ नका, पैसे भरा. आईने एफडीचा फॉर्म काढला.

१४ तारखेला ऑफिसमधल्या एका ताईने १५१०० नंबर दिला, विधी सेवेची हेल्पलाइन, फुकट आहे. त्यांनी सांगितलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, बाई म्हणून तुम्हाला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मला वाटलं होतं केस भावाची, मला कसा मिळेल. पण मी जामीनदार, माझ्या डोक्यावर १५,००० चा बाँड, म्हणजे मी पण त्यात होतेच. आधार कार्ड, साधा अर्ज, बाँडची झेरॉक्स. सोबत त्यांनी विचारलं ऑर्डरची नक्कल कुठाय, आणि मी गप्प.

१५ ला नक्कल विभागात अर्ज टाकला. फॉर्म, तिकीट आणि पानांचे पैसे मिळून माझे ८० रुपये गेले, २३ ला हातात आली. केस नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावाने शोधता येतं, तिथे १६ अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो एकदा मिळाला की पुढच्या तारखा घरबसल्या दिसतात, मी तो फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

पण मॅडमचे आठ दिवस २० तारखेला संपत होते आणि तोपर्यंत ना वकील ना नक्कल. तेव्हा हेल्पलाइनवरच्या बाईंनी सांगितलेलं एक काम केलं, त्याने आम्ही वाचलो. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला, की उपचार चालू आहेत, केंद्राचं कार्ड जोडलंय, आम्ही कोर्टाच्या ऑर्डरची नक्कल मागितली आहे, ती मिळेपर्यंत मुदत द्यावी, हजेरीला येत राहू. दोन प्रती, एका प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतली. काउंटरवरचा माणूस म्हणाला शिक्का कशाला, मी तिथेच उभी राहिले, दिला मग.

२६ फेब्रुवारीला वकील मॅडम भेटल्या. माझ्याहून लहान असतील. त्यांनी नक्कल टेबलावर ठेवली आणि पेन्सिलने एका ओळीखाली रेघ मारली. तिथे लिहिलं होतं आउटपेशंट ट्रीटमेंट, आणि पुढे ॲज ॲडव्हाइज्ड बाय द ट्रीटिंग डॉक्टर. म्हणजे बाहेरून येऊन जाऊन उपचार, आणि कोणते ते डॉक्टर सांगतील तसे. ऑफिसरने ठरवायचे असं त्यात कुठेच नव्हतं. ती ओळ तीन महिने कोर्टाच्या फाइलमधे पडून होती आणि आम्ही एफडी मोडत होतो.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. कलम १४ मधे ऑफिसरची कामं दिलीत, चौकशी करायची, देखरेख ठेवायची, सल्ला आणि मदत करायची, गरज असेल तिथे नोकरी बघून द्यायची. हजेरीची वेळ त्या ठरवू शकतात, घरी येऊ शकतात, केंद्रावर जातोस का याचा पुरावा मागू शकतात, आणि अट मोडली असं वाटलं तर कोर्टाला कळवू शकतात, ते तर त्यांचं कामच. पण अट बदलायची असेल, वाढवायची असेल, नवीन घालायची असेल तर कलम ८, ऑफिसरने कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टाने ठरवायचं. त्यातलं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, वकील मॅडमनी मला दोनदा वाचून दाखवलं, की आरोपीला आणि जामीनदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय असा बदल करता येत नाही. जामीनदाराला पण. मी म्हटलं मला? म्हणाल्या हो, तुम्हाला.

आणि आत टाकीन वाली धमकी? तर ऑफिसरने रिपोर्ट केला की कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढू शकतं, कलम ९. मग ऐकून घेतात. अट मोडल्याचं कोर्टाला पटलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतात, हे खरं आहे, हलक्यात घेऊ नका. पण पहिलीच चूक असेल तर बाँड तसाच चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करायची पण सोय आहे. कुठल्याही बाजूने निर्णय कोर्टाचा. आणि गोळी चालू ठेवायची का बंद करायची हे डॉक्टरांचं.

१ मार्चला वकील मॅडमनी ऑफिसरना पत्र दिलं, अगदी आदराने लिहिलेलं, की ऑर्डरमधे बाह्यरुग्ण उपचार आहेत, पत्ता बदलायला कोर्टाची परवानगी लागते, आपल्याला बदल आवश्यक वाटत असेल तर कलम ८ खाली अर्ज करावा, आम्ही हजर राहू. सोबत डॉक्टरांचं एक पानी पत्र जोडलं. डॉक्टरांनी त्यात लिहिलं होतं की गोळी एकदम थांबवली तर परत नशेकडे जायची शक्यता वाढते, आणि काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते, तेव्हा पूर्वीएवढा डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. हे वाक्य वाचून मी खाली बसले. सहा महिने गोळीशिवाय ठेवून बाहेर सोडलं असतं तर? मॅडमना हे माहीत असेल असं मला वाटत नाही, त्या डॉक्टर नाहीत, आणि म्हणूनच तो निर्णय त्यांचा नसतो.

या सगळ्यात एकही हजेरी चुकवली नाही. वकील मॅडमचं पहिलं वाक्यच ते होतं, भांडण असलं तरी हजेरीला जायचं, कारण हजेरी ऑर्डरमधे आहे. भाऊ जायचा, सही करायचा, मॅडम त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

११ मार्चला नोटीस आली, एक भावाच्या नावाने, एक माझ्या नावाने. मॅडमनी अर्ज केला होता. पोस्टमनकडून कोर्टाचं पाकीट घेताना आधी छातीत धस्स झालं, मग कळलं की आपण मागितलं होतं तेच झालंय. वकील मॅडमनी त्यावर आमचा से तयार केला. से म्हणजे लेखी म्हणणं, कोर्टात सगळे हाच शब्द वापरतात, मी आधी दोन वेळा काय काय म्हणून विचारलं.

त्याच दिवसांत मी हेच सगळं शोधत असताना कळलं की अमेरिकेत पण हाच वाद कोर्टांत गेलेला आहे. तिथे २०१५ मधे युनायटेड स्टेट्स विरुद्ध मॅटा या केसमधे अपील कोर्टाने सांगितलं की माणसाला भरती करून उपचार द्यायचे की बाहेरून, हे ठरवायचं काम न्यायाधीशाने प्रोबेशन ऑफिसरवर सोडून देऊ नये, कारण भरती करणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य काढून घेणं आहे. बारीकसारीक गोष्टी, वेळापत्रक वगैरे ऑफिसरने बघावं. आमच्या केसमधे याचा काही उपयोग नव्हता, आमचा कायदा वेगळा, आमचं कलम ८ पुरेसं होतं. पण रात्री दीडला ते वाचून मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

२६ मार्चला गेलो तर साहेब रजेवर, पुढची तारीख. पाडवा झाल्यावर १२ एप्रिलला गेलो. अकरापासून बसलो, पुकारा सव्वातीनला झाला. डबा आणि पाणी घेऊन जा, आणि अर्धा दिवस रजा टाकू नका, पूर्ण टाका.

न्यायाधीशांनी मॅडमना विचारलं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरती करायला सांगितलंय का? मॅडम म्हणाल्या नाही, पण अनुभवावरून. त्या पुढे म्हणाल्या की माझ्याकडे एवढ्या फायली आहेत, बाहेर ठेवलेली मुलं हाताबाहेर जातात ते मी बघते. त्यांचा आवाज तेव्हा थकलेला वाटला मला. मग भावाला विचारलं, गोळी घेऊन काम करता येतं का? तो म्हणाला हो साहेब, गोळी घेतली तरच येतं.

मग मला. मी घरून पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. मी म्हटलं, साहेब, फेब्रुवारीत त्याने ओढली हे मला त्याने स्वतः सांगितलं. आधी मला पोलिसांकडून कळायचं. एवढंच बोलले आणि थांबले. साहेबांनी लिहून घेतलं.

१८ एप्रिलला ऑर्डर झाली. निवासी केंद्राची मागणी सध्या नामंजूर, उपचार डॉक्टर सांगतील तसेच चालू. पण फेब्रुवारीची चूक पण त्यांनी सोडली नाही. समज दिली, तीन महिने हजेरी दर आठवड्याला केली, त्याच केंद्रात दर महिन्याला युरिन टेस्ट लावली, आणि उपस्थितीचं पत्र केंद्राने ऑफिसरना द्यायचं. पुढे डॉक्टरांना भरतीची गरज वाटली तर परत कोर्टासमोर यावं असंही लिहिलं. म्हणजे मॅडमचं काहीच ऐकलं नाही असं झालं नाही, आणि ते मला बरोबर वाटलं. डॉक्टरांनी भरती सांगितली असती तर मी स्वतः त्याची बॅग भरली असती.

या वेळी नक्कल त्याच दिवशी मागितली. चार झेरॉक्स काढल्या, एक ऑफिसरना, एक केंद्राला, एक भावाच्या पाकिटात, एक माझ्याकडे.

खर्च म्हणाल तर वकिलाचे शून्य, नकला आणि झेरॉक्सचे ३०० च्या आत, आणि माझे सात दिवस बिनपगारी. तेच मला जास्त लागले.

मॅडम आधी दोन महिने तुसड्या होत्या. युरिन टेस्ट मे महिन्यात निगेटिव्ह, जूनला निगेटिव्ह, जुलैलाही, तशा त्या हळूहळू बोलायला लागल्या. ऑगस्टमधे त्यांनीच फोन करून एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या युनिटमधे माणूस हवाय म्हणून सांगितलं, आज तो तिथेच आहे. पोलीस व्हेरिफिकेशनची भीती होती, तेव्हा त्यांनीच कलम १२ दाखवलं, की प्रोबेशनवर सोडलेल्या माणसाला शिक्षा झाल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. नोव्हेंबर २०२४ ला देखरेखीचं वर्ष संपलं तेव्हा शेवटच्या रिपोर्टची गोष्ट त्या आईला फोनवर सांगत होत्या, आई नुसती हो मॅडम हो मॅडम करत होती.

घरात कोणी या अवस्थेत असेल आणि सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

यंदा २१ नोव्हेंबरला पण तो आधी केंद्रावर गेला. डोस आता ८ मिलिग्रॅमवरून ४ वर आलाय, पुढे कधी कमी करायचा ते डॉक्टर बघतील. गोळी विरघळेपर्यंत दहा मिनिटं बसला आणि कामावर गेला. मी कोर्टात जाऊन बाँडची मुदत संपल्याच्या नोंदीच्या नकलेचा अर्ज भरला. ती अजून यायचीय.